व्याख्येबाहेरची विहीर

गेली कित्येक वर्षं मी लोकांचं पाणी तपासते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी येतं, हॉटेलांचं येतं, टँकरवाल्यांचं येतं. बाटली टेबलावर ठेवून माणूस एकच विचारतो, "पास होईल ना, मॅडम?" जणू मी शाळेतली बाई आणि पाणी म्हणजे त्याचं गणितात कच्चं असलेलं पोर. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की पाण्यात काय आहे आणि किती आहे एवढंच आम्ही बघतो, ते चालेल की नाही हे मानक ठरवतं. मग कंटाळले. आता "बघू" म्हणते.

एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फ्लोरिनवाल्या रसायनांवर काहीतरी नियम करायचं घाटत होतं. त्याच्या मसुद्यावर सूचना द्यायला एक समिती बसणार होती आणि त्यात प्रयोगशाळांतर्फे कुणीतरी हवं होतं. साहेबांना स्वतः जायचा आळस. "तू जा, तू बोलतेस चांगलं," म्हणाले. म्हणजे भांडतेस चांगलं. घरीही हेच म्हणतात, त्यामुळे मी वाद घातला नाही.

ही रसायनं म्हणजे काय, ते माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, जसं सांगितलं तसंच इथे सांगते. कार्बनच्या अणूंची एक साखळी असते. तिला सगळ्या बाजूंनी फ्लोरिन चिकटवलं की ती कुणालाच दाद देत नाही. पाण्याला नाही, तेलाला नाही, आम्लाला नाही, आचेला नाही. म्हणून तव्याला घावन चिकटत नाही, रेनकोटात पाणी शिरत नाही, वडापावच्या कागदातून तेल झिरपत नाही. आणि म्हणूनच काम संपलं तरी ती साखळी कुठे जात नाही. मातीत गेली की मातीत, पाण्यात गेली की पाण्यात, अंगात गेली की अंगात मुक्काम ठोकून बसते. अशी हजारो रसायनं आहेत आणि रोज नवी निघतात. हे सगळं ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखीच गो. एकदा धरलं की सोडायचं नाही."

समितीचं पहिलं काम होतं व्याख्या. नियम कशाला लावायचे ते आधी ठरवा. मला वाटलं, चहा येईपर्यंत उरकेल. पण दिवस गेला, पुढच्या बैठकीचा दिवसही गेला. मी आणि एक डॉक्टरीणबाई, आमचं म्हणणं सरळ होतं. साखळीत कुठेही एक जरी कार्बन फ्लोरिनने पूर्ण वेढलेला असेल, तर ते रसायन आपल्या यादीत. समोर कारखानदारांचे प्रतिनिधी होते. अतिशय गोड माणूस, दर बैठकीला सगळ्यांसाठी काहीतरी खायला आणायचे. ते म्हणाले, "मॅडम, मग औषधं आली, एसीतला गॅस आला, हॉस्पिटलातल्या नळ्या आल्या. देश बंद करायचा का?" मी म्हटलं, व्याख्येत येणं म्हणजे बंदी नव्हे, आधी हजेरीपटावर नाव तर येऊ द्या. ते हसले आणि त्यांनी ढोकळ्याची बशी माझ्याकडे सरकवली. राग आला होता, तरी मी तो ढोकळा खाल्ला. चांगला होता.

याच गृहस्थांनी एकदा पडद्यावर चित्रं दाखवली, ही रसायनं किती उपयोगी आहेत ते पटवायला. त्यात एक क्रोम चढवायची टाकी होती. नळाच्या तोट्या, स्कूटरचे भाग चकचकीत करायचे ते आम्लाच्या टाकीत बुडवून. त्या टाकीवर पांढऱ्या फेसाची जाड गोधडी पसरली होती. "हा फेस आमच्या रसायनाचा," ते म्हणाले. "यामुळे आम्लाची वाफ वर येत नाही. कामगारांचे प्राण वाचतात." मी त्या फेसाकडे बघत राहिले. तो फेस मी पाहिला होता. तो आमच्या भावोजींचा फेस होता.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि भावोजींना गिरणीचं दार बघायलाही मिळालं नाही. दिंडोशीला टेकडीच्या पायथ्याशी त्यांची वसाहत, सगळी आमच्याच बाजूची, मालवण-कणकवलीकडची माणसं. वसाहतीच्या कुंपणभिंतीमागे छोट्या कारखान्यांचे गाळे. त्यातल्या एका गाळ्यात भावोजी क्रोमच्या टाकीवर लागले आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांना काम शिकवणाऱ्या मिस्त्रींच्या नाकाचा पडदा त्या आम्लाच्या वाफेने फाटला होता. एका नाकपुडीतून काडी घालून ते दुसरीतून काढून दाखवायचे आणि नवीन पोरांना घाबरवायचे. मग कधीतरी ते फेसाचं औषध आलं. थोडंसं टाकीत ओतलं की फेस धरायचा आणि वाफ दबायची. भावोजींचं नाक शाबूत राहिलं. घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगत उठली की, ते ही गोष्ट सांगतात आणि शेवटी स्वतःच्या नाकाला हात लावतात.

बुडवलेल्या तोट्या नंतर पाण्यात खंगाळायच्या. ते पाणी गटारात, गटार भिंतीच्या कडेने, आणि भिंतीच्या अलीकडे वसाहतीची विहीर.

त्या विहिरीबद्दल सांगायला हवं. नळाचं पाणी तिथे येतं तेव्हा येतं, तेही करंगळीएवढ्या धारेचं. विहीर मात्र कधी आटली नाही. तिच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते, चहाला रंग येतो. वसाहतीतून सासरी गेलेल्या मुली माहेरी आल्या की आधी तांब्याभर विहिरीचं पाणी पितात. आणि तिच्यात एक कासव आहे. गावाकडे विहिरीत कासव सोडायची रीत आहे. कासव जगलं म्हणजे पाणी चांगलं, एवढा साधा हिशोब. इथे आल्यावरही लोकांनी तो पाळला. सकाळी कुणी ना कुणी डोकावून बघतं आणि कासव दिसलं की निर्धास्त होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या शिक्क्यापेक्षा त्या कासवाची पत मोठी आहे, आणि बहुतेक बाबतीत ती तशी असायला माझी काही हरकत नाही. पाण्यात विष कालवलं तर कासव मरेल. पण ही रसायनं तसं मारत नाहीत. कासव आपलं मजेत पोहत राहतं.

फेसाचं ते चित्र पाहून मी इतकी घाबरले त्याला कारण होतं. माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी गरोदर राहिली होती. राहते मुलुंडला, पण पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात तिला दिंडोशीला आणायचं ठरलं होतं. मला मूल नाही. ही पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढली, तिला सायकल मी शिकवली, तिच्या आईच्या शिव्या मी खाल्ल्या. ती येण्याआधी ते पाणी पिणं बंद व्हायला हवं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. व्याख्या वगैरे गेलं खड्ड्यात.

पाण्याचा नमुना घ्यायला मी स्वतः गेले आणि मोठ्या तोऱ्यात चूक केली. आमच्याकडच्या सगळ्यात भारी बाटल्या नेल्या, जाड तपकिरी काचेच्या, झाकणाला आतून पांढरं अस्तर. आम्ही पाणी तपासणारे त्या बाटल्यांना देवाच्या भांड्यांसारखं जपतो. नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवला, कारण असली यंत्रं आमच्याकडे नाहीत. सोबत तुलनेसाठी शुद्ध पाण्याचीही बाटली पाठवली होती. तिथल्या बाईंचा फोन आला. "तुमच्या शुद्ध पाण्यातही ही रसायनं सापडतायत. झाकणाचं अस्तर कशाचं आहे?" अस्तर टेफ्लॉनचं होतं. फ्लोरिन शोधायला मी फ्लोरिनचंच झाकण लावून गेले होते. वर काचेला काही रसायन चिकटून राहतं ते वेगळंच. ऑफिसात सगळे पोट धरून हसले, मीही हसले. क्रीममध्ये, नव्या कपड्यांतही ही रसायनं असतात, म्हणून मग साध्या प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन, हाताला क्रीम न लावता, धुऊन धुऊन जुना झालेला सुती ड्रेस घालून पुन्हा गेले. ताई म्हणाली, "काय गं हा अवतार? कोणी गेलं का?"

निकाल आला. होतं. फेसाचं जे मूळ औषध जगभर बदनाम झालं ते अगदी थोडं, आणि त्याच्या जागी नंतर आलेलं दुसरं भरपूर. हे दुसरं म्हणजे पहिल्याचाच चुलतभाऊ. साखळी जवळजवळ तशीच, फक्त एका टोकाला फ्लोरिनचा एक अणू काढून तिथे क्लोरिनचा बसवलाय. अंगात शिरलं तर ते पहिल्यापेक्षाही जास्त काळ ठाण मांडतं. डब्यावर मात्र लिहिता येतं, की यात ते बदनाम रसायन नाही. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

अहवालात एक रकाना असतो, कमाल मर्यादा. तिथे आडवी रेघ होती. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात हे किती चालेल ते कुणी ठरवलेलंच नाही, म्हणून किती जास्त हेही नाही. मी साहेबांकडे गेले, म्हटलं, पिण्यास अयोग्य असं लिहून द्या. त्यांनी चष्मा काढला. "कशाच्या आधारावर? मानक दाखव, मी सही करतो." माणूस वाईट नाही. मानक नसताना अयोग्य लिहिलं तर प्रयोगशाळेची मान्यता जाईल, हे मलाही माहीत होतं. मग त्यांनी चहा मागवला.

मग मी वसाहतीची बैठक बोलवायला लावली. गणपतीच्या मंडपाची जागा असते तिथे सतरंज्या घातल्या होत्या. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. फेस, गटार, साखळी. पोटातल्या बाळापर्यंत ते पोचतं, बाहेरच्या देशांत पाहिलंय की अशा बाळांना लस टोचली तरी ती हवी तशी लागू होत नाही, थायरॉइड बिघडतं, मूत्रपिंडाला धोका असतो. सगळे शांतपणे ऐकत होते. शांतता बघून मला उगाच बरं वाटलं.

सेक्रेटरी उठले. "मॅडम, सिंपल सांगा ना. पाणी पास की फेल?"

"तसं सांगता येत नाही. मर्यादाच ठरलेली नाही."

"म्हणजे फेल नाही."

"पासही नाही."

"यार, असं कसं? आपण महापालिकेला काय सांगणार, विहीर का बंद करतोय? नळाला प्रेशर नाही, टँकर वेळेवर येत नाही. तुम्ही एक कागद द्या फेल म्हणून, आपण उद्याच्या उद्या मोर्चा काढू."

तो कागदच तर माझ्याकडे नव्हता. मागून एक म्हातारी म्हणाली, "आणि कासव? ता कसा जगता मगे?" सगळे हसले. मी सांगायला तोंड उघडलं आणि भावोजी उठून उभे राहिले. ते कधी बैठकीत बोलत नाहीत. माझ्याकडे न बघता, सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "ह्या फेसान माझा नाक वाचवल्यान. मिस्त्रीचा नाक माझ्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हा खयची समिती इली नाय, खयचो डॉक्टर इलो नाय. हो फेस इलो. आता तुम्ही म्हणतास तोच वैरी? माका नाय पटणा." आणि बसले.

ते खरंच होतं. त्यांचं नाक त्या फेसानेच वाचवलं होतं. मला वाटलं, या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीने सांभाळलं आणि ती गोष्ट मी त्याच्याकडून चारचौघांत हिसकावून घेतेय. वाईट वाटलं, आणि रागही आला, त्यांचा नाही, कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

तिच्या घरी आल्यावर ताई माझ्यावर बरसली. "माझ्या वसाहतीत येऊन माझ्या नवऱ्याला खोटं पाडलंस. उद्या पोरगी येणार बाळंतपणाला, आणि तू चार बायकांत सांगतेस आमचं पाणी नासकं? विहीण काय म्हणेल?" त्या रात्री मी न जेवता बोरिवलीला माझ्या घरी परत आले. पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी विहिरीच्या पाण्याची नेहमीची तपासणी करून घेतली, दुसऱ्या प्रयोगशाळेत. सगळ्या ठरलेल्या कसोट्यांवर पाणी उत्तम उतरलं. उतरणारच होतं. "पिण्यास योग्य" असा कागद त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून विहिरीच्या कठड्याजवळच्या खांबाला लावला. कागद खरा होता, हे मी शपथेवर सांगू शकते.

आता माझी सगळी भिस्त समितीवर. व्याख्या रुंद ठेवली तर चुलतभाऊ आत येईल, आत आला तर कधी ना कधी त्याची मर्यादा ठरेल, मर्यादा ठरली की साहेब सही करतील, सही झाली की सेक्रेटरी मोर्चा काढतील. भाचीच्या बाळंतपणाच्या आत हे होणार नाही हे कळत होतं, पण माणूस कुठेतरी हात अडकवून ठेवतो. मी मन लावून तयारी केली. मी आयुष्यात कधी इतकं नम्रपणे बोलले नव्हते.

अध्यक्ष निवृत्त झालेले, सभ्य, आजारी वाटणारे गृहस्थ होते. त्यांना सगळ्यांचं एकमत हवं होतं. शेवटी तडजोड म्हणून मसुद्यात एक वाक्य आलं, की ज्या साखळीला टोकापासून टोकापर्यंत फक्त फ्लोरिनच असेल तीच धरायची. ऐकायला किती नीटनेटकं. मी हात वर केला आणि म्हटलं, टोकाला एकच क्लोरिन बसवला की ते यातून सुटतं, आणि असं रसायन आज वापरात आहे, मुंबईतल्या एका विहिरीत आहे, हा बघा अहवाल.

अहवाल सगळ्यांच्या हातातून फिरला. कारखानदारांच्या प्रतिनिधींनी तो खरंच लक्ष देऊन वाचला. "मॅडम, यू आर राइट," ते म्हणाले. "पण एका विहिरीवरून देशाचा नियम कसा करायचा? अजून डेटा पाहिजे."

"नियम नाही तर तपासणी कोण करणार? तपासणी नाही तर डेटा कुठून येणार?"

"हां, ते आहे," त्यांनी मान्य केलं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं असं मला दिसलं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. डॉक्टरीणबाई माझ्या बाजूने बोलल्या, मग त्यांना ओपीडीची घाई होती म्हणून गेल्या. अध्यक्ष म्हणाले, हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पुढच्या टप्प्यात जरूर घेऊ. मी माझं वेगळं मत लिहून दिलं. ते अंतिम कागदपत्रांत "एका सदस्याने काही सूचना केल्या" एवढं झालं. काय सूचना, ते नाही.

बाहेर आले तर वाटलं, इतके शहाणे लोक दिवसभर एका अणूवर बोललो, आणि तो अणू आपल्या डोळ्यांसमोरून उठून निघून गेला.

आता उरला खासगी इलाज. उलट्या दाबाने पाणी गाळणारं यंत्र, ज्याला सगळे नुसतं आरओ म्हणतात, ते ही रसायनं बऱ्यापैकी अडवतं. मी ते ताईच्या स्वयंपाकघरात बसवून दिलं. आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो, कारण भाची आली होती आणि तिच्यासमोर रुसवा कसा चालणार. ताईला यंत्र आवडलं. त्यावर तिने क्रोशाचा रुमाल घातला. मी निश्चिंत झाले. घरात वसाहतीतलं पहिलं आरओ आल्यामुळे भावोजीही जरा ताठ चालत होते.

मुलगी झाली. छान, काळीभोर, रडकी. मी सुट्टीच्या दिवशी जायचे. असंच एकदा गेले तर कुणी पाहुणे आले होते, ताई त्यांना आरओचं पाणी देत होती, स्टीलच्या तबकात पेले मांडून. आत चुलीवर, म्हणजे गॅसवर, मोठ्या पातेल्यात बाळंतिणीचं पाणी उकळत होतं, सुंठ आणि ओवा घालून. मी विचारलं, "हे कुठलं?"

"विहिरीचं."

"ताई, यंत्र कशाला आहे?"

"ते पाहुण्यांना गो. त्या पाण्यात जीव नाही, चव नाही, काय नाही. बाळंतिणीला तसलं पाणी देऊ? ओल्या अंगाची पोर ती. तिला आमच्या विहिरीचंच पाणी पाहिजे, आणि मी काय कच्चं देत नाही, अर्धं आटवून देते."

तिने घरातलं सगळ्यात चांगलं पाणी लेकीसाठी राखून ठेवलं होतं. आटवलं की पाणी वाफ होऊन जातं आणि जे जायला हवं ते मागे घट्ट होऊन राहतं, हे तिला कोण सांगणार? मीच सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "तुझ्या शिकण्याने आम्हाला नुसतं भ्यायला शिकवलंस. काय करायचं ते कधी सांगितलं नाहीस." त्यानंतर तिने आरओचं पाणी द्यायला सुरुवात केली, पण मी घरात असेन तेव्हाच, हे मला भावोजींनी सांगितलं.

सव्वा महिना झाला तेव्हा विहिरीची पूजा होती. बाळंतीण पहिल्यांदा उंबरठा ओलांडते ती विहिरीवर जायला, हळदकुंकू वाहते, कळशीभर पाणी काढून घरी आणते. भाचीने हिरवी साडी नेसली होती, उन्हाने डोळे बारीक करत होती. बायकांनी तिला ओंजळीने पाणी प्यायला लावलं. खांबावरचा कागद वाऱ्याने फडफडत होता. त्या दिवशी बोलले असते तर ताईने मला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

नंतर आतल्या खोलीत आम्ही दोघीच होतो. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. ती म्हणाली, "मावशी, तू बैठकीत काय बोललीस ते मला सगळं ठाऊक आहे. आई लपवते, पण मला शेजारच्या मुलीने केव्हाच सांगितलं. आईचं मन मोडवत नाही म्हणून पीत होते. पुढच्या आठवड्यात मुलुंडला गेले की बंद. पण इतकी वर्षं जे अंगात गेलं, ते निघतं का गं? निघतं तर कसं?"

इतके दिवस कुणी मला उत्तर असलेला प्रश्न विचारला नव्हता. याचं उत्तर मला येत होतं. पुरुषाच्या अंगातून ही रसायनं वर्षानुवर्षं हलत नाहीत. बाईच्या अंगातून जरा लवकर जातात. आणि सगळ्यात भराभर जातात ती अंगावर पाजणाऱ्या बाईच्या अंगातून, दुधावाटे. आई जितकी मोकळी होत जाते तितकं ते बाळात उतरत जातं. पाजू नको म्हणावं, तर डब्यातली पावडरही या घरात त्याच पाण्यात कालवली गेली असती. डॉक्टरीणबाईंना मी आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, काही झालं तरी आईचं दूधच चांगलं, दुसरा सल्ला माझ्याकडे नाही.

ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी सायकलवर बसवून मी मागून हात सोडला की नाही हे वळून बघायची तशी.

"निघतं," मी म्हटलं. "हळूहळू."

"नक्की ना? उगाच मला बरं वाटावं म्हणून नाही ना?"

"तुझ्या अंगातून निघेल. नक्की."

बाळ जागं होऊन रडायला लागलं. बाहेरून ताई ओरडली, "भूक लागली गो तिका, घे पदराखाली!" भाचीने तिला घेतलं. दोनतीनदा चुकल्यावर पोरीचं तोंड लागलं आणि ती घटाघट पिऊ लागली, मूठ आईच्या छातीवर ठेवून. भाचीने भिंतीला डोकं टेकलं. तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"चल," ती मला म्हणाली, "एक तरी चांगली बातमी दिलीस."